गळ्यात नळी, समोर डाकिया

"हिला कळतंय का काय, का नुसतंच डोळं उघडं हायेत?"

आत्याने हे मला विचारलं नव्हतं. माझ्या उशाशी उभं राहून, माझ्या अंगावरून, पलीकडच्या सुनंदा सिस्टरना विचारलं होतं. मला कळत होतं. आत्याने पळसदेवहून अंगाऱ्याची पुडी आणली आहे हे कळत होतं. ती आता माझ्या कपाळाला लावणार, त्यातला थोडा नाकाच्या शेंड्यावर सांडणार आणि पुढचे दोन तास मला नाक खाजवता येणार नाही, हेही कळत होतं. माझे हात हलत नव्हते. पाय हलत नव्हते. गळ्याला भोक पाडून घातलेल्या नळीतून एक मशीन माझ्यासाठी श्वास घेत होतं, आणि त्या नळीमुळे तोंडातून आवाज निघत नव्हता. शिल्लक होते ते कान, डोकं आणि पापण्या.

"सगळं कळतं त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. विचारून बघा."

आत्या वाकली. "पल्लवे, वळाकलंस का मला? का न्हाय वळाकलंस?"

आता याला एकदा मिटायची की दोनदा?

मी एकदा मिटली. आत्या म्हणाली, "न्हाय म्हणती," आणि रडायला लागली. अंगारा नाकावर पडला.

हे लिहून काढ असं मला सुनंदा सिस्टरनीच सांगितलं. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या माणसांना त्या वाचायला देणार आहेत. त्यामुळे बाकावरच्या माणसांनो, पहिली गोष्ट ही की एका वेळी एकच प्रश्न विचारा. आणि "ओळखलंस का" हा विचारूच नका. आम्ही आजारी आहोत, तुम्ही तेच आहात.

एक मिनिट हं

मी बारामतीत एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासते. काम मला मानवतं, नमुने गप्पा मारत नाहीत. घर भिगवणला. रोज एसटीने जाऊन-येऊन.

त्या सोमवारी पायांना मुंग्या आल्या. मंगळवारी डेअरीच्या पायऱ्यांवर माझी चप्पल पायातून निघून गेली आणि मला पत्ताच नाही. आमचे शिपाईमामा मागून ती हातात घेऊन आले, मला लाज वाटली. बुधवारी जिना चढता येईना. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून सलाइन लावलं. गुरुवारी सकाळी मम्मीने दिलेला चहाचा कप माझ्या हातातून सुटला आणि ती ओरडली, "लक्ष कुठं असतं गं तुजं?" ते वाक्य तिला अजून खातं. मी अजून तिला "जाऊ दे" म्हटलेलं नाही. म्हणायचं राहून गेलं आहे.

बारामतीच्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडाला नाही. त्यांनी परत मारली, जरा मनापासून. मग "एक मिनिट हं" म्हणून ते बाहेर गेले आणि तिघे होऊन परत आले. ज्यांनी हे "एक मिनिट हं" ऐकलं आहे त्यांना त्याची लांबी माहीत असेल.

आजाराचं नाव जीबीएस. मोठ्या डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. रोगाशी लढणारं शरीरातलं सैन्य चुकून स्वतःच्याच नसांवर चालून जातं. बहुतेक माणसं बरी होतात, पण वेळ लागतो. किती, ते आत्ता सांगता येत नाही. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काही विचारायचंय?"

"न्हाय, काय न्हाय," मम्मी म्हणाली. "ती बोलत न्हाय फारशी."

माझ्याकडे अकरा प्रश्न होते. पहिला होता, श्वास बंद पडेल का? मी विचारला नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं.

माझ्या वतीने

मम्मी माझ्या वतीने बोलते हे नवीन नव्हतं. शाळेत प्रवेशाच्या मुलाखतीत माझं नाव तिने सांगितलं. दुकानात माझ्या ड्रेसचा रंग ती सांगते. पाहुण्यांसमोर "हिला गोड चालत न्हाय" हे ती सांगते, मला चालतं. मी लाजाळू, तिला बोलायची हौस, दोघींचं भागत होतं. यातला निम्मा दोष माझा आहे. दुसऱ्याने बोलून टाकलं की आपल्याला बोलावं लागत नाही, याची मला सवय लागली होती.

नळी बसल्यावर मात्र हे मला फार महाग पडलं. माझं ऐकायला कुणाला काही उरलंच नव्हतं, फक्त पापण्या. आणि मम्मी माझ्या पापण्यांतून तिला हवं ते वाचायची. मला थंडी वाजली की ती "पंखा पायजे का गं?" विचारणार, मी दोनदा मिटणार, आणि ती पंखा लावणार. "बघा, लगीच शांत झाली." मी शांत होते कारण मला दुसरं काही होताच येत नव्हतं.

आयसीयूचा दिवस पहाटे अंग पुसण्याने सुरू होतो. मग एक्स-रे. दर दोन तासांनी कूस बदलणं, त्यात पाय असे दुखायचे की हलत नसलेल्या पायाला दुखायचा अधिकार कुणी दिला असं वाटायचं. नळीतला कफ मशीनने ओढून काढतात, ते मी लिहिणार नाही. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं नातेवाईक. उरलेला वेळ छत. छताच्या चौकोनांत एका चौकोनाला पाण्याचा डाग होता आणि त्याचा आकार उजनी धरणाच्या पाण्यासारखा होता.

भीती कसली होती तेही सांगते. मशीन बंद पडेल आणि त्या वेळी मम्मी सगळ्यांना सांगत असेल, "झोपली वाटतं."

शहाण्या मुलीचा टॅब

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, तिचं मन रमवा. मम्मीने परवानगी काढून एक टॅब आणला. पलंगाला जोडायचा स्टँड आणला. आणि त्यात काय भरलं, तर सुटाबुटातल्या एका माणसाची इंग्रजी भाषणं. तो रोज मला सांगायचा की तुम्ही मनात ठरवा आणि उठून उभे राहा. मी ठरवत होते. उठत नव्हते. त्याचं भाषण संपलं की बासरी, बासरी संपली की परत तो.

"आमची पल्लवी इंग्लिश मीडियमची हाय," मम्मी सिस्टरना सांगायची. "ती मराठी मालिका-बिलिका बघत न्हाय."

मी दोनदा पापण्या मिटल्या. चारदा. सहादा.

"डोळ्यांत कायतरी गेलंय वाटतं," मम्मी म्हणाली.

चहाडी

एका दुपारी सुनंदा सिस्टर ड्यूटीरूममध्ये डबा खात होत्या. दार उघडं होतं, त्यांचा मोबाईल चालू होता. मला आधी ढोल ऐकू आला. मग सायकलची घंटी. मग एक घोगरा, हिंदीत बोलणारा, ओठांशी कधीच न जुळणारा आवाज. दिसत नव्हतं तरी जुळत नसणार हे मला माहीत होतं.

"चिट्ठी कल पहुँचेगी. मुक्का आज पहुँचेगा!"

माझ्या डोक्यावरचं मॉनिटर ओरडायला लागलं.

सिस्टर हात न धुता धावत आल्या. ठोके एकशे तीस. नळी बघितली, बोटाला लावलेली चिमटी बघितली, सगळं ठीक. त्यांनी जाऊन मोबाईल बंद केला, माझे ठोके खाली आले. त्यांनी परत लावला, ठोके वर. सिस्टर शिकलेल्या बाई आहेत. त्यांनी तिसऱ्यांदा करून बघितलं आणि दारातच थांबल्या.

"पिक्चर पाहिजे?"

एकदा.

"तुफानी डाकिया?"

एकदा. लांब.

सगळं आयुष्य मी चेहरा सपाट ठेवत आले. परीक्षेचा निकाल असो की बघायला आलेला मुलगा, माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळत नाही असा माझा लौकिक आहे. आणि एका मशीनने भर दुपारी चहाडी केली.

पिंपातला पिक्चर

आमचं भिगवणला हायवेला मासळीचं हॉटेल आहे. चिलापी फ्राय, मरळीचा रस्सा, भाकरी. बारामतीहून स्कूलबस मला संध्याकाळी तिथेच सोडायची आणि मम्मीचं काम आवरेपर्यंत मी मागच्या टेबलावर गृहपाठ करत बसायचे. गल्ल्याच्या वर टीव्ही. त्यावर दक्षिणेतले, हिंदीत डब केलेले पिक्चर. त्यातला 'तुफानी डाकिया' महिन्यातून दोनदा तरी लागायचाच.

गोष्ट सांगण्यासारखी नाही, तरी सांगते. एक पोस्टमन आहे. तो दिवसा पत्रं वाटतो आणि जिथे पत्र पोचू देत नाहीत तिथे सायकलने माणसं मारतो, म्हणजे सायकल उचलून. वाळूमाफिया आहे. नायिका परदेशातून येते आणि बंद खोलीत तिचे केस उडतात. चाळीस गुंड आंब्याच्या झाडावर आपटतात आणि एकही आंबा फुटत नाही. डाकिया विहिरीत पडतो, सगळे रडतात, तो वर येतो तेव्हा शर्ट कोरडा असतो, इस्त्रीसकट.

ड्रायव्हर लोक जेवता जेवता डायलॉग आधीच म्हणायचे. मी टीव्हीकडे पाठ करून बसायचे. कारण आठवीत वर्गातली एक मुलगी नाक मुरडून म्हणाली होती, असले पिक्चर ट्रकवाले बघतात, आणि मी सगळ्यांबरोबर हसले होते. त्याच दिवशी संध्याकाळी एका ट्रकवाल्या काकांनी माझ्या वहीवर रस्सा सांडू नये म्हणून आपलं ताट मांडीवर घेतलं होतं. तेव्हापासून मी पाठ करून बसायचे. पण समोर पाण्याचं स्टीलचं मोठं पिंप होतं, आणि त्यात टीव्ही दिसायचा. फुगीर आणि उलटा. माझ्या पिक्चरमध्ये डाकिया डावखुरा होता. तो उजव्या हाताने ठोसे मारतो हे मला पहिल्यांदा आयसीयूत कळलं.

सिस्टरांनी संध्याकाळी बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा मम्मी म्हणाली, "काय तरीच काय, सिस्टर. आमची पल्लवी असलं बघत न्हाय."

पप्पा तोपर्यंत कधी काही बोलले नव्हते. दुपारपर्यंत हॉटेल, मग मोटरसायकलने बारामती, दहा मिनिटं माझ्या पायावर हात, परत. त्या दिवशी ते काचेपलीकडून म्हणाले, दार उघडं असल्याने मला ऐकू आलं.

"बघती की. पिंपात बघायची. म्हणून तर मी ते पिंप कधी हालवलं न्हाय."

मला रडू आलं. नाक पुसता येत नसताना रडू नये, हीसुद्धा एक सूचना.

पट्ट्यापर्यंत

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. मशीन सुटायचं असेल तर दिवसातून थोडा थोडा वेळ ते काढून स्वतः श्वास घ्यावा लागतो. पाच मिनिटं, मग दहा, मग वाढवत दोन-अडीच तास. जमलं तर नळी निघायची आशा. नाही जमलं तर परत मशीन, परत छत, आणि कितीही दिवस. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण काही लोकांचं फार लांबतं हे मी शेजारच्या पलंगाकडे बघून ओळखलं होतं.

हे करून घ्यायला फिजिओथेरपीचे नदाफ सर असायचे. इंदापूरचे, धिप्पाड, घरचं कापडाचं दुकान सोडून या धंद्यात आलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनचा पाइप काढला आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "पाच मिनिटं फकस्त."

घड्याळाकडे बघत श्वास घेऊन बघा कधी. काटा हलत नाही, छाती हलत नाही, आणि आपण दोन्हीला ढकलत बसतो. मी दोन मिनिटांत घामाघूम. परत मशीन.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी टॅबमध्ये डाकिया उतरवून घेतला आणि लावला. त्याची एंट्री सात मिनिटांची आहे. आधी बूट दिसतो. मग जीपमधून पळणारे लोक. मग पट्टा. मग पोस्टाची पिशवी. मग कबुतरं. मग मनगटावरचं घड्याळ. चेहरा सगळ्यात शेवटी. मी पट्ट्यापर्यंत पोचले.

"चार मिनिटं!" नदाफ सर म्हणाले. "मॅडम, उद्या कबुतरं उडवायची बरं का."

कबुतरं दोन दिवसांनी उडाली. चेहरा त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग आईच्या हातची भाकरी खाऊन तो भर चौकात नाचतो ते गाणं. मग वाळूच्या ट्रकवरची मारामारी. घड्याळ मला पुढे काय होणार ते सांगत नव्हतं, डॉक्टर सांगत नव्हते, मम्मी तर मुळीच नाही. त्या खोलीत पुढचं पक्कं माहीत असलेली एकच गोष्ट होती. गुंड उडणार म्हणजे उडणार. मी एकेका गुंडावर एकेक श्वास घ्यायचे. चाळीस गुंड कमी वाटायचे.

ज्यांना तोच पिक्चर परत परत बघणाऱ्यांचं हसू येतं, त्यांनी कधीतरी पुढचं काहीच माहीत नसलेल्या ठिकाणी आठ दिवस पडून बघावं.

मम्मी मात्र वैतागली होती. तिला आता या श्वासाच्या ट्रायलच्या वेळी आत बसू देत. "मेला त्यो पोस्टमन," ती पुटपुटायची. "येडंवाकडं नाचतोय नुसता. लोकं काय म्हणतील, एवढं शिकवून पोरगी हे बघती." कुणी भेटायला आलं की ती पटकन स्टँड भिंतीकडे वळवायची. "सिस्टर लावत्यात त्यांच्या करमणुकीला," ती माझ्या डेअरीच्या मॅडमना म्हणाली. बिचाऱ्या सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. मी सतराव्या मिनिटाला होते आणि पिक्चर भिंत बघत होती. श्वास चुकला. त्या दिवशी परत मशीन.

ओरिजिनल

आत्याची मुलगी प्राजक्ता पुण्याला इंजिनिअरिंग करते. तिला कळलं की ताईला हा पिक्चर आवडतो. ती खास सुट्टी काढून आली, टॅब घेतला आणि दहा मिनिटांत परत आणून लावला. त्या दिवशी मला इंटरव्हलपर्यंत जायचं होतं. सव्वा तास. डॉक्टर म्हणाले होते, सव्वा तास सलग झाला तर पुढचं ठरवता येईल.

बूट आला. पट्टा आला. आणि डाकिया बोलला. पातळ, गोड, समजूतदार आवाज, आणि मला एक अक्षर न कळणाऱ्या भाषेत. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती.

"ताई, डबिंग फार फालतू होतं, मी डिलीट केलं," प्राजक्ता म्हणाली. "ओरिजिनल बघ, इमोशन किती सटल आहेत."

मी दोनदा पापण्या मिटल्या. दोनदा. दोनदा.

"बघ, खूश झाली," मम्मी म्हणाली. "कशी पापण्या लवतीया."

गाणं दोन मिनिटं उशिरा आलं. त्यात मी कधीच न बघितलेला एक प्रसंग आला, डाकिया नदीकाठी बसून विचार करतो. तो विचार करतो! माझा श्वास कुठे घ्यायचा तेच कळेना. चाळिसाव्या मिनिटाला छातीतून शिटी वाजायला लागली आणि नदाफ सरांनी पाइप जोडला. इंटरव्हल राहिला तो राहिलाच. प्राजक्ताचा हेतू चांगला होता. सगळ्यांचेच हेतू चांगले होते, एवढे चांगले हेतू एका खोलीत मी पुन्हा बघणार नाही.

सिस्टरांचा मोबाईल मी पापण्या मिटून मिटून मागितला, पण त्यात तो पिक्चर साठवलेला नव्हता, आणि ज्या ऑनलाइन चॅनलवरून त्यांनी तो उतरवला होता तिथून तो आता काढून टाकला होता. मग पप्पांनी हॉटेलवर येणाऱ्या ड्रायव्हरांना विचारलं. तिसऱ्याच माणसाने खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला. "आमच्या गाडीत कायम असतो, तात्या. असू द्या पोरीला." सोलापूरकडे निघालेला ट्रक बाजूला लावून तो हे काढून देत होता, असं पप्पांनी सांगितलं. त्या माणसाचं नाव पप्पांनी विचारलं नाही. मला आठवीतलं ते हसणं आठवलं आणि फार लाज वाटली. कुणी विचारलं असतं तरी पापण्यांनी ते सांगता आलं नसतं.

प्रिंट खराब होती. मध्ये मध्ये खाली चॅनलची जाहिरात यायची. आवाज बरोबर होता.

दोन दिवसांनी इंटरव्हल झाला. त्याच्या चार दिवसांनी पूर्ण पिक्चर झाला, दोन तास वीस मिनिटं, आणि शेवटी पडद्यावर 'समाप्त' आलं तेव्हा नदाफ सर पाइप हातात धरून नुसते उभे होते. त्यांनी तो जोडला नाही. मम्मी खुर्चीत होती. शेवटच्या मारामारीत ती पुढे सरकून बसली होती हे मी बघितलं, पण तिला कधी सांगितलं नाही.

वॉर्ड

मशीन सुटल्यावर मला वॉर्डात आणलं. गळ्यात नळी होतीच. बोटं थोडी हलायला लागली होती, पाय अजून दुसऱ्याचे. दिवसभर लोक येत राहिले, नारळपाणी येत राहिलं, मला गिळता येत नव्हतं म्हणून ते मम्मीने प्यायलं. मम्मी पलंगाखाली चटई टाकून झोपायची. तिच्या पायांवर सूज आली होती. केसांच्या मुळाशी पांढरं दिसत होतं, ती एरवी दर महिन्याला रंगवते. रात्री झोप लागत नाही असं ती फोनवर आत्याला सांगायची, आणि मला विचारायची, "तुला घरी जायचंय न्हवं बाळा?" मी दोनदा मिटायचे. "व्हय व्हय, न्हेते तुला," ती म्हणायची.

एका सकाळी नदाफ सरांनी नळीवर एक लहानसं झाकण बसवलं. याने श्वास वरून, गळ्यातून बाहेर जातो आणि आवाज निघू शकतो. "घाई न्हाय," ते म्हणाले. "आज नुसतं आ केलं तरी बास." मी आ केला नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि असं बघितलं की मला जन्मापासून बोलता येत नाही. सर हसले. "राहू द्या, दुपारी बघू."

तेवढ्यात डॉक्टर राऊंडला आले. त्यांनी माझी बोटं हलवून बघितली आणि म्हणाले, अजून तीन आठवडे इथे राहून रोज व्यायाम झाला तर पाय लवकर येतील, निदान धरून उभं राहण्यापर्यंत. घरी न्यायचं असेल तर तशी परवानगी देता येईल, पण तिथे रोज कुणी येणार नाही, मग वेळ जास्त लागेल. तुम्ही ठरवा. हे सांगताना ते आधी माझ्याकडे बघत होते, शेवटपर्यंत येता येता मम्मीकडे.

"घरीच न्हेतो, डॉक्टर," मम्मी म्हणाली. "तिलाच घरी यायचंय, रोज सांगती मला डोळ्यांनी. लई कंटाळलीया ती. तोच पिक्चर, तेच छत, तीच माणसं. जीव विटलाय तिचा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागद पुढे ओढला. पेनचं टोपण निघालं.

मी तिच्याकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती. तिने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता, फक्त माझा नव्हता. आणि तो कागद एकदा लिहिला की मी भिगवणच्या पलंगावर असणार होते, खिडकीतून हायवे बघत, आणि माझ्या पायांचं काय ते येणारे-जाणारे मला सांगणार होते.

माझ्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मला ओळखू आला नाही, जाड आणि फाटका होता. मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. पण कुणी मध्ये बोललं नाही, मम्मीसुद्धा नाही.

"मी नाही कंटाळले, मम्मी. तू कंटाळलीस. तू घरी जा, झोप. मी चालत येईन."